पाळी सुटलेली माणसं

विल्यम जॉन्सन या इंग्रज छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ साली दोन खंडांचा एक संग्रह छापला. विषय होता मुंबईत राहणाऱ्या आणि मुंबईत येऊन-जाऊन असणाऱ्या जातीजमाती. त्यातली बरीच चित्रं जोडकामाची आहेत. माणसांचा फोटो एकीकडे घ्यायचा, माणसं कापून काढायची आणि त्यांच्या मागे मुंबईतली एखादी जागा आणून बसवायची. माणसं नीट पोशाखात, नीट ओळीत उभी असतात. पायाखालची जमीन तेवढी त्यांची नसते.

मी गिरणगावातला. गिरणीत साच्यावर काम करणाऱ्या माणसाचा मुलगा, पेशाने चित्रकलेचा मास्तर. सुधीर पटवर्धनांच्या चित्रांसमोर उभा राहिलो की मला आधी जॉन्सनचे हे खंड आठवतात. पटवर्धनांवर लिहिणारे फ्रेंच चित्रकार सेझानपासून सुरुवात करतात, मग लेजेवर येतात. ते बरोबरच आहे, मीही तिथे येणार आहे. पण कष्टकरी माणसाला चित्रात कसं उभं करायचं याचा मुंबईचा स्वतःचा एक जुना रिवाज आहे, आणि पटवर्धनांचं भांडण आधी त्या रिवाजाशी आहे, असं माझं मत आहे.

हा रिवाज बघायला फार लांब जावं लागत नाही. क्रॉफर्ड मार्केट १८६९ मध्ये बांधून झालं. त्याच्या दरवाजावरच्या कमानींत दगडात कोरलेली माणसं आहेत. खाली फळवाल्यांचा आरडाओरडा चालू असतो, म्हणून वर कुणी बघत नाही. ते काम जॉन लॉकवुड किपलिंगचं, म्हणजे रुडयार्डच्या वडिलांचं. ते १८६५ मध्ये जे. जे. स्कूलमध्ये शिकवायला आले. पुढे १८७० मध्ये सरकारने त्यांना वायव्य प्रांतात कारागिरांची चित्रं काढायला पाठवलं. हात फार चांगला. कारागिराची बैठक, त्याची हत्यारं, मान किती वाकते, सगळं त्यांनी प्रेमाने टिपलंय. तरी खाली लिहायचं ते धंद्याचं नाव. हा विणकर, हा सुतार. माणसाचं नाव विचारायची रीतच नव्हती.

मग भायखळ्याचं म्युझियम, १८७२ मध्ये उघडलेलं. आज त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव आहे. आम्हा लालबाग-परळच्या पोरांसाठी ते राणीच्या बागेला जोडून यायचं, आधी हत्ती आणि मग म्युझियम. तिथे काचेच्या कपाटांत मातीच्या छोट्या प्रतिमा आहेत. निरनिराळ्या जातींचे, निरनिराळ्या धंद्यांचे लोक, प्रत्येकाची पगडी वेगळी. मी त्यात माझ्या बापासारखा कुणी दिसतो का ते बघत असे. मला कधी दिसला नाही. बाप डोक्याला पगडी बांधत नव्हता, सदऱ्यावर कापसाची लव घेऊन घरी यायचा. अशा माणसाचा मातीचा नमुना करायचा तर कुठल्या खुणेवर करणार? ताडदेवला कावसजी दावरांनी पहिली कापडगिरणी काढली त्याला म्युझियमच्या आधीच पंधरा-सोळा वर्षं झाली होती. गिरणीतला माणूस नवा होता, आणि नमुने करणाऱ्यांकडे नव्या माणसाला कप्पा नव्हता.

महादेव विश्वनाथ धुरंधरांबद्दल मी जरा जपून बोलेन, कारण ते आमच्या मास्तरकुळीतले थोर पुरुष. आख्खं आयुष्य जे. जे.ला वाहिलं, निवृत्तीनंतर ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मकथन लिहिलं. त्यांच्यासारखी रेषा मला सात जन्मांत यायची नाही. त्यांनी मुंबईच्या रस्त्यावरच्या माणसांची पोस्टकार्डं काढली, ती घरोघर गेली. एस. एम. एडवर्ड्‌स यांच्या ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ या १९१२ च्या पुस्तकातली चित्रं त्यांची. एडवर्ड्‌स त्या वेळी मुंबईचे पोलीस कमिशनर होते, हे ध्यानात ठेवावं. ऑटो रॉथफेल्ड या सनदी अधिकाऱ्याच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ला, १९२० साली, चित्रं पुन्हा धुरंधरांचीच. धुरंधरांची माणसं जॉन्सनच्या माणसांसारखी चिकटवलेली नाहीत. ती हसतात, घासाघीस करतात, त्यांचे लुगड्याचे काष्टे खरेखुरे आहेत. पण पुस्तक कुणासाठी होतं? ज्याला या शहरावर राज्य करायचं होतं, त्याला शहर ओळखता यावं यासाठी. भाजीवाली कशी असते ते चित्रात कळतं. ही कुठली भाजीवाली, ते कळत नाही.

हे सगळं जुनं झालं असं कुणाला वाटत असेल तर त्याने एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्मरणचित्राचे गठ्ठे तपासावेत. विषय येतो ‘रेल्वे स्टेशन’. शंभरातली निम्मी मुलं लाल सदऱ्याचा, डोक्यावर दोन बॅगा घेतलेला हमाल काढतात. मुलं रोज चिंचपोकळीहून लोकलने येणारी. चिंचपोकळीला हमाल कुठून येणार? पण तो चित्रात येतो, कारण चित्रातला कष्टकरी असा असतो हे त्यांना कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं. मीही सांगितलं असेल.

नमुन्यानंतर मूठ आली. गिरणी कामगार युनियन १९२८ मध्ये स्थापन झाली, त्याच वर्षी सहा महिन्यांचा संप झाला, आणि तेव्हापासून पत्रकांवर, झेंड्यांवर, भिंतींवर कामगार म्हणजे एक वळलेली मूठ आणि तिच्यामागे चिमणी. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाची चित्रं काढणारे चित्तप्रसाद नंतर मुंबईत आले, अंधेरीत राहिले आणि लिनोकटमध्ये शेतकरी-कामगार कोरत राहिले. त्यांच्या काळ्या-पांढऱ्या छपाईत ताकद आहे, वादच नाही. तरी त्यांचा कामगार सदैव लढ्यात असतो, तो दमलेला फारसा दिसत नाही. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या मंडळींची गोष्ट आणखी निराळी. १९४७ च्या त्या गटातल्या के. एच. आरांनी स्वतः घरगडी म्हणून राबून, गाड्या धुऊन दिवस काढले होते. त्यांनी फुलदाण्या रंगवल्या. मला त्यात काही गैर वाटत नाही. दिवसभर दुसऱ्याच्या गाड्या धुतलेल्या माणसाला संध्याकाळी फुलं रंगवावीशी वाटली तर त्याला कामगार रंगव असं सांगणारे आपण कोण?

सुधीर पटवर्धनांचा जन्म पुण्याचा, १९४९ चा. तिथल्याच आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजमधून १९७२ मध्ये डॉक्टर झाले, पुढच्या वर्षी मुंबईला आले, क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून ठाण्यात व्यवसाय केला आणि २००५ मध्ये तो सोडून पूर्णवेळ चित्रकार झाले. चित्रकला कुठल्या कॉलेजात शिकले नाहीत. क्ष-किरणतज्ज्ञ म्हणजे शरीराच्या आतलं बघणारा, म्हणून त्यांच्या चित्रांत माणसाच्या आतलं दिसतं, असं त्यांच्याबद्दल हटकून लिहिलं जातं. मला हे फार सोपं वाटतं. क्ष-किरणात हाड दिसतं. हाडावरून कुणाची नोकरी सुटली ते कळत नाही. त्यापेक्षा ठाण्यातला दवाखाना हा मुद्दा मोठा आहे. ७० च्या दशकातलं ठाणं म्हणजे वागळे इस्टेट, पोखरण रोड, कारखान्यांचे भोंगे. दवाखान्यातल्या बाकड्यावर कामगार आपल्या पाळीची वाट बघत बसतो, तेव्हा तो मोर्चात नसतो आणि मशीनवरही नसतो. तो नुसता बसलेला असतो. या बसण्याचं, उभं राहण्याचं, थांबण्याचं चित्र मुंबईत त्याआधी फारसं कुणी काढलेलं नव्हतं.

१९७७ चं ‘इराणी रेस्टॉरंट’, त्याच वर्षीचं ‘रनिंग वूमन’, १९८० चं ‘ट्रेन’, १९८१ चं ‘ओव्हरब्रिज’ आणि ‘अ‍ॅक्सिडेंट ऑन मे डे’. नुसती नावं वाचली तरी कळतं की हा माणूस गिरणीच्या फाटकात थांबलेला नाही, तो पाळी सुटल्यानंतरच्या कामगारामागे चालत गेलाय. शेवटच्या चित्राचं नाव तर मला धाडसी वाटतं. कामगारदिन हा झेंड्याचा, मुठीचा दिवस. त्या दिवशी पटवर्धन अपघात रंगवतात.

एका कॅटलॉगमधलं ‘ट्रेन’ मी वडिलांना दाखवलं होतं. त्यांना चित्रकलेचं काही नव्हतं, घरातली एकुलती एक तसबीर खंडोबाची. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “पाळी सुटल्यावर माणूस असाच हुबा ऱ्हातो.” पुढे काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. पटवर्धन त्या काळात सांगत असत की मी ज्यांना रंगवतो त्यांना माझ्या चित्रात स्वतःची प्रतिमा सापडावी. एका बाबतीत तरी ती सापडली, याचा मी साक्षीदार आहे.

आता सेझान आणि लेजे. सेझानचे पत्ते खेळणारे शेतकरी आठवा. त्यात कुणी जिंकत नाही, हरत नाही, कुणाचा चेहरा काही सांगत नाही. फक्त ती माणसं टेबलाइतकी, डोंगराइतकी भक्कम आहेत. पटवर्धनांनी तो भक्कमपणा घेतला आणि लोकलमध्ये आणला. लेजेकडून कामगाराचं गोलाकार, नळकांड्यांसारखं शरीर आलं. पण लेजेच्या १९५० च्या ‘बांधकाम करणाऱ्यां’ना लोखंडी तुळयांवर चढून आनंद होतोय, उद्याचं जग त्यांचं आहे अशी त्यांची खात्री आहे. मुंबईच्या शरीराला ती खात्री चढवता आली नसती. पटवर्धनांनी लेजेचे खांदे घेतले आणि त्यांवर थकवा ठेवला. कलेच्या इतिहासाशी बोलणं म्हणतात ते हे असावं: मोठ्या माणसाची गोष्ट घ्यायची आणि आपल्या स्टेशनावर ती कुठे अडते ते दाखवायचं.

१९८१ मध्ये मुंबई-दिल्लीत ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन झालं. जोगेन चौधरी, भूपेन खख्खर, नलिनी मलानी, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम आणि पटवर्धन असे सहा चित्रकार. लेख गीता कपूर यांचा. अमूर्ताच्या लाटेनंतर भारतीय चित्रात माणूस परत आला, असं त्याबद्दल लिहितात. इतिहास लिहिणाऱ्यांसाठी ती मोठी घटना आहे. आमच्या गल्लीत त्या दिवसांत चर्चा होती ती बोनसची.

आणि १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढारी दत्ता सामंत, साठाहून अधिक गिरण्या, जवळपास अडीच लाख कामगार. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही, इतकं सगळ्यांना ठाऊक आहे. बाकीचं ज्याच्या त्याच्या घरातलं. आमच्याकडे वडील साताऱ्याकडे गावी जाऊन आले, शेतात भागेना म्हणून परतले, आणि घर आईच्या खानावळीवर चाललं.

पटवर्धनांच्या कामाचा काळपट मी मास्तरी सवयीने लावून बघतो, तेव्हा एक गोष्ट दिसते. संपाआधी माणूस कॅनव्हासभर आहे. १९८४ च्या ‘टाऊन’मध्ये आणि १९८५ च्या ‘नाला’मध्ये वस्तीच कॅनव्हासभर पसरलीय आणि माणसं लहान झालीत. हे संपामुळे झालं असं मी म्हणत नाही, चित्रकाराची कारणं त्याच्या स्टुडिओतही असतात. पण ज्याने हे दोन्ही काळ बघितले त्याला दोन तारखा शेजारी ठेवाव्याशा वाटणारच. अशी उंचावरून पाहिलेली गावं बघताना मला सिएना आठवतं. तिथल्या नगरपालिकेच्या भिंतीवर अंब्रोजियो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये चांगल्या राज्यकारभाराची फळं रंगवली: छपरावर गवंडी काम करतायत, दुकानं उघडी आहेत, बायका नाचतायत, शिवाराकडे जाणाऱ्या वाटा सुरक्षित आहेत. समोरच्या भिंतीवर वाईट कारभाराचं पडझडलेलं गाव. लोरेन्झेत्तीला दोन कारभारांसाठी वेगवेगळ्या भिंती मिळाल्या होत्या. ठाणे-उल्हासनगर रंगवणाऱ्याला दोन्ही कारभार एकाच भिंतीवर दाखवावे लागतात. तिथे गवंडी काम करतोच आहे, आणि तो बांधतोय ती इमारत बेकायदा आहे.

यानंतरचं ‘रायट’, १९९६ चं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईतल्या दंगलींत सुमारे नऊशे माणसं मेली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात ते नोंदलेलं आहे. गिरणगाव त्यात नव्हतं असं कुणी म्हणू नये. डाव्या विचाराच्या चित्रकारापुढे त्या दिवसांनी भयंकर प्रश्न ठेवला. ज्या शरीराला आपण वीस वर्षं मान दिला, ज्याच्या खांद्यांत आपण इतिहास बघितला, तेच शरीर हातात सळई घेऊन शेजाऱ्याच्या दारात गेलं तर? बरेच जण अशा वेळी प्रतीकाकडे पळतात, कबुतर काढतात, राख काढतात. पटवर्धनांनी रस्त्यावरची हिंसाच काढली, आणि ती करणारी माणसं राक्षस करून टाकली नाहीत. त्यांच्या सगळ्या कामात मला हे चित्र सगळ्यात अवघड वाटतं आणि सगळ्यात प्रामाणिकही. नमुना कधी दंगल करत नाही, मूठ फक्त मालकावर उगारली जाते. दंगल खरी माणसं करतात. आपल्या माणसाला खरं करायचं ठरवलं की तेही पत्करावं लागतं.

२००१ मध्ये ‘लोअर परळ’ झालं. त्याच वर्षी गिरण्यांच्या जमिनींबाबतची विकास नियमावली बदलली आणि पालिकेच्या व म्हाडाच्या वाट्याला येणारी जमीन भलतीच आटली. त्याच वर्षी अंजली माँटेरो आणि के. पी. जयशंकर यांचा ‘साचा’ हा माहितीपट आला, त्यात एकीकडे नारायण सुर्वे आणि दुसरीकडे सुधीर पटवर्धन. गंगाराम सुर्वे या गिरणीकामगाराने रस्त्यावरून उचलून वाढवलेला कवी, आणि पुण्याहून आलेला डॉक्टर चित्रकार. दोघं एकाच शहराकडे बघतात. सुर्वे आतून बघतात, पटवर्धन एक पाऊल मागे राहून, आणि ते मागचं पाऊल ते लपवत नाहीत. मला त्यांच्यात हे आवडतं. बाहेरच्या माणसाने आतला असल्याचा आव आणला की आम्हा गिरणगावकरांना लगेच कळतं.

२९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्टेशनांना जोडणाऱ्या पुलावर पावसात गर्दी अडकली आणि चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. गिरण्यांच्या काळातल्या अरुंद पुलावर आता कॉर्पोरेट ऑफिसांत जाणारी गर्दी चढत होती. तेव्हा वर्तमानपत्रांनी रेल्वेचे आकडे छापले, मंत्र्यांचे फोटो छापले. ३६ वर्षांपूर्वीचं ‘ओव्हरब्रिज’ कुणाला आठवलं नाही. चित्रकार भविष्य सांगत नसतो, तो फक्त पुलाकडे नीट बघतो. पूल बघायचं काम ज्यांचं होतं त्यांनीही तेवढं केलं असतं तर चाललं असतं.

तक्रार माझीही एक आहे. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचातली एक कामगार बाई होती. नंतर त्या कमी होत गेल्या, आणि ज्यांना गिरणीत जागा राहिली नाही त्यांनी खोल्यांमधून खानावळी चालवल्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या बायकांसाठी. पंधरा-वीस माणसांच्या भाकऱ्या पहाटे थापणारी ही बाई मला ना धुरंधरांत सापडली, ना चित्तप्रसादांत, ना पटवर्धनांच्या मी पाहिलेल्या चित्रांत. पटवर्धनांच्या बायका धावतात, थांबतात, घरात नवऱ्याशी अबोला धरतात. चुलीसमोरची माझी आई अजून यायची आहे. हे काम आता एखाद्या मुलीने करावं, जे. जे.त आमच्या भागातल्या मुली जातात.

लेजेने आपले बांधकाम करणारे १९५० च्या दशकात रेनॉच्या कारखान्यातल्या उपाहारगृहात लावले होते, कामगारांनी जेवताना बघावेत म्हणून. आधी कामगार हसले म्हणतात. पटवर्धनांनीही तसं एक काम केलं, आणि त्याची नोंद कमी घेतली जाते. २००८-०९ मध्ये बोधना या संस्थेसाठी त्यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय चित्रांचं फिरतं प्रदर्शन उभं केलं आणि ते महाराष्ट्रातल्या शहरांत नेलं, जिथे अशी चित्रं मूळ स्वरूपात कधी पोचलेली नव्हती. ज्या राज्यात जिल्ह्याच्या ठिकाणी एक धड कलादालन मिळत नाही, तिथे एका चित्रकाराने स्वतःची नव्हे, दुसऱ्यांची चित्रं घेऊन फिरावं ही साधी गोष्ट नाही. त्यांचं स्वतःचं सिंहावलोकन २०१९-२० मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात झालं, ‘वॉकिंग थ्रू सोल सिटी’ या नावाने, नॅन्सी अदजानिया यांनी मांडलेलं. मी गेलो होतो. गोलाकार जिन्यांवरून वर-वर चढत बघायचं. सोबत होते ते बहुतेक कॉलेजातले तरुण, वही घेऊन आलेले. आमच्या चाळीतलं ओळखीचं कुणी भेटलं नाही, आणि काळा घोड्यापर्यंत ते येतील अशी अपेक्षा ठेवणंही बरोबर नाही.

म्हणून लालबाग-परळच्या गणेशोत्सव मंडळांना एक विनंती. तुमच्याकडे दर्शनाची रांग आठ-आठ, दहा-दहा तास चालते, कधी त्याहून जास्त. त्या रांगेच्या दोन्ही बाजूंना साबण आणि बिल्डरांच्या जाहिराती असतात. एका वर्षी एका बाजूच्या जाहिराती काढा आणि तिथे ‘ट्रेन’, ‘ओव्हरब्रिज’, ‘लोअर परळ’ यांच्या मोठ्या छापील प्रती लावा. चित्रकाराची रीतसर परवानगी घ्या, रंग बिघडणार नाहीत असा छापखाना निवडा, खाली चित्राचं नाव आणि साल मराठीत लिहा. प्रायोजकाचं नाव लावायचंच असेल तर शेवटच्या चित्रानंतर लावा.